बीज, क्षेत्र आणि पौरुष

‘पौरुष’ हा शब्द आपल्या भाषेत फार ओझे वाहतो. युद्धातील पराक्रम, संसारातील कर्तेपणा, शरीराचे बळ, कामेच्छा आणि संतती उत्पन्न करण्याची शक्ती हे सारे अर्थ त्यात एकत्र नांदतात. कोंकणीतील ‘दादलेपण’ हा शब्दही तसाच सर्वसंग्राहक आहे. भाषेने अनेक गोष्टींस एकच नाव दिले म्हणजे त्या गोष्टी एकच आहेत असे मनास वाटू लागते, आणि मनास वाटले ते हळूहळू रूढीत व रूढीतून कायद्यात उतरते. पौरुषाच्या बाबतीत नेमके हेच घडले. दाढीमिशा, भरदार आवाज व मजबूत बांधा ज्याच्या ठायी आहे त्याच्या ठायी संततीचे सामर्थ्य असलेच पाहिजे, आणि तरीही घरात पाळणा हलला नाही तर उणेपण पत्नीचेच असले पाहिजे, अशी एक समजूत आपल्या समाजात शतकानुशतके चालत आली. या समजुतीचा इतिहास आणि शरीरशास्त्राने तिचे केलेले खंडन या दोहोंचा विचार येथे करावयाचा आहे.

पौरुषाचे काही मूळ देहात आहे, हे जाणण्यासाठी आपल्या पूर्वजांस प्रयोगशाळेची गरज पडली नाही. पेडणे किंवा डिचोली महालातील कोणत्याही शेतकऱ्यास ते ठाऊक होते. गोऱ्हा वयात आला की मानेस व वशिंडास भर येते, तो माजतो, जोतास आवरत नाही. त्यालाच वेळीच खच्ची केला तर तोच प्राणी शांत, आज्ञाधारक बैल होतो, आणि भाताच्या खाचरात चिखल तुडवीत आयुष्यभर नांगर ओढतो. गोव्यातील धिरयोमध्ये, म्हणजे झुंजींमध्ये, उतरविलेले पाडे मात्र अखंडच असत. बैलास झुंजविण्याच्या भरीस कोणी पडत नसे. या झुंजींस मुंबई उच्च न्यायालयाने गेल्या शतकाच्या अखेरीस बंदी केली हा निराळा विषय. सांगावयाचे ते इतकेच की वृषण काढले अथवा निकामी केले की प्राण्याचा बांधा, आवाज आणि स्वभाव पालटतो, हे ज्ञान जगातील सर्व कृषिप्रधान समाजांस होते. ते का पालटतात, हे मात्र कोणासच ठाऊक नव्हते.

आपल्या धर्मशास्त्रकारांनीही या प्रश्नाकडे पाठ फिरविली नव्हती. स्त्रीस ‘क्षेत्र’ व पुरुषास ‘बीजी’ मानण्याची त्यांची परिभाषा आजच्या वाचकास रुचणार नाही. पण त्या परिभाषेत राहूनही काहींनी विलक्षण न्यायबुद्धी दाखविली आहे. नारदस्मृतीच्या स्त्रीपुंसयोग प्रकरणात असे सांगितले आहे की विवाहापूर्वी वराच्या पुरुषत्वाची परीक्षा व्हावी, आणि त्या परीक्षेस जो उतरेल त्यासच कन्या द्यावी. ज्याच्यापाशी बीज नाही तो क्षेत्रास पात्र नाही, हा त्यामागील विचार. गळ्याची व गुडघ्यांची हाडे बळकट असणे, खांदे व मान भरलेली असणे, चाल व स्वर अडखळत नसणे, अशी परीक्षेची लक्षणेही तेथे दिली आहेत. पुढे षंढत्वाचे चौदा प्रकार सांगून त्यांतले काही साध्य, काही असाध्य असे वर्गीकरण केले आहे. या चौदांत ‘मोघबीज’ म्हणून एक प्रकार येतो. ज्याचे बीज निष्फळ आहे तो मोघबीज. समागमास असमर्थ असणे वेगळे आणि बीज निष्फळ असणे वेगळे, हा भेद नारदाच्या काळी कोणाच्या तरी ध्यानी आला होता, याची साक्ष हा एक शब्द देतो.

याच्या उलट दुसरा प्रवाह. पत्नी वंध्या असल्यास आठव्या वर्षी, तिची अपत्ये जगत नसल्यास दहाव्या वर्षी आणि तिला केवळ कन्याच होत असल्यास अकराव्या वर्षी पतीने दुसरी पत्नी करावी, असे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही अशाच मुदती आहेत. कन्यांच्या बाबतीत त्याने बारा वर्षे थांबावयास सांगितले आहे, इतकाच फरक. या मुदती मोजताना पतीची परीक्षा करावी असे येथे कोणी म्हणत नाही.

महाकाव्यांनी या बाबतीत स्मृतींहून अधिक मोकळेपणा दाखविला आहे. पंडूस संतती होणे शक्य नाही ही गोष्ट महाभारत लपवून ठेवीत नाही, आणि त्याबद्दल कुंतीस वंध्या म्हणून हिणवीतही नाही. दशरथाचा पुत्रकामेष्टी यज्ञही राजाने स्वतः यजमान होऊन केला. परंतु व्यवहारात टिकली ती मनूने घालून दिलेली मुदत. नारदाची परीक्षा पोथीतच राहिली.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. पेडणे, डिचोली व सत्तरी हे महाल १७८१ ते १७८८ या काळात सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले आणि नव्या काबिजादीचा भाग झाले. जुन्या काबिजादीत धर्मच्छळाचा जो वणवा सोळाव्या शतकात पेटला, तो येथवर पोहोचेपर्यंत विझत आला होता. येथील देवळे राहिली, देवस्थानांचे मानकरी राहिले, आणि नव्या राज्यकर्त्यांनी येथील हिंदूंच्या रीतिरिवाजांस मान्यता देण्याचे धोरण ठेवले. त्या धोरणाचे फळ म्हणून नव्या काबिजादीतील रहिवाशांच्या रूढी व चालीरीतींची संहिता १८५३ साली सिद्ध झाली. पुढे १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता गोव्यास लागू झाल्यावर, १६ डिसेंबर १८८० च्या हुकुमान्वये गोव्यातील हिंदूंच्या विशेष रूढी, जुन्या-नव्या काबिजादीचा भेद न करता, पुन्हा राखून ठेवण्यात आल्या.

या १८८० च्या हुकुमातील एक तरतूद आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. हिंदू पुरुषाने पहिली पत्नी हयात असता केलेल्या दुसऱ्या विवाहास सामान्यतः कायदेशीर परिणाम नाहीत, असे म्हणून लगेच काही अपवाद दिले आहेत. पत्नीच्या वयाची पंचवीस वर्षे होईतो तिच्यापासून मुळीच अपत्य झाले नाही तर. आणि तिची तीस वर्षे पुरी होईतो पुत्र झाला नाही तर, हे त्यांतले मुख्य होत. विधिज्ञाच्या दृष्टीने या कलमाचे वाचन उद्बोधक आहे. त्यात वय मोजले आहे ते पत्नीचे. उणीव गृहीत धरली आहे ती पत्नीची. पतीची परीक्षा व्हावी, त्याच्या बीजाविषयी काही पुरावा पुढे यावा, असा एक शब्दही त्यात नाही. लिस्बनच्या कायदेपंडितांनी आपल्या रूढींची नोंद केली, आणि नोंद करताना नारदाची परीक्षा गळाली व मनूची मुदत तेवढी कागदावर चढली. आज हे कलम व्यवहारात मृतप्रायच मानले जाते. गोव्याच्या समान नागरी कायद्याची स्तुती होते तेव्हा टीकाकार त्याकडे बोट दाखवितात, इतकाच त्याचा उपयोग उरला आहे. परंतु कलम निष्प्रभ झाले तरी त्यामागील समजूत निष्प्रभ झाली आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

देवळाच्या सभामंडपात क्षणभर उभे राहून पाहावे. गाऱ्हाणे घातले जाते, कौल लावला जातो, पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून याकडे सर्वांचे डोळे लागतात. संततीसाठी आंगवण बोलणारी, उपवास धरणारी आणि ओटी भरणारी बहुधा सूनच असते. श्रद्धेविषयी येथे एक अक्षरही उणे बोलावयाचे नाही. आक्षेप आहे तो त्या दृश्यातील श्रमविभागणीवर. वकिलीच्या व्यवसायात कौटुंबिक कलहाचे कागद चाळताना पत्नीच्या तपासण्यांचा जाड गठ्ठा हाती येतो आणि पतीच्या नावाचा एक कागदही त्यात सापडत नाही, हा अनुभव विरळा नाही. ‘आमचा मुलगा धडधाकट आहे, त्याची कसली तपासणी?’ हे त्यावरील उत्तर ठरलेले असते.

हे उत्तर शास्त्राच्या कसोटीवर टिकते काय, हे पाहण्यासाठी थोडे युरोपात जावे लागेल. १८४९ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे आर्नोल्ड बर्टोल्ड या शरीरशास्त्रज्ञाने सहा तरुण कोंबड्यांवर एक साधा प्रयोग केला. वृषण काढलेल्या कोंबड्यांचा तुरा खुंटला, त्यांचे आरवणे व झुंजणे थांबले. परंतु ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा दुसऱ्याच ठिकाणी रोवले, त्यांचा तुरा वाढला व ते पूर्ववत आरवू लागले. जुन्या मज्जातंतूंचा संबंध तुटलेला असूनही हे घडले. तेव्हा वृषणातून काहीतरी द्रव्य रक्तात मिसळून सर्व शरीरावर कार्य करीत असले पाहिजे, हा निष्कर्ष अटळ होता. अंतःस्रावांच्या शास्त्राची ही एक पायाभरणी होय.

त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८८९ साली, पॅरिसमधील ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामांकित वैद्याने कुत्र्यांच्या व गिनीपिगांच्या वृषणांचा जलीय अर्क स्वतःस टोचून घेतला आणि आपले तारुण्य परत आल्याचे विद्वत्सभेत सांगितले. आपल्या सुश्रुतसंहितेच्या वाजीकरण प्रकरणात बोकडाचे अंड दुधात शिजवून घेण्याचा प्रयोग सांगितला आहे, त्याचीच ही पाश्चात्त्य आवृत्ती म्हणावयास हरकत नाही. दोन्हीकडे तर्काची दिशा बरोबर होती. परंतु वृषणात हे द्रव्य साठून राहत नाही, ते पाण्यात फारसे विरघळत नाही, आणि पोटातून गेले तर यकृत त्याचा बहुतांश नाश करते. म्हणून त्या अर्काने लाभलेले तारुण्य मनाच्या विश्वासाचे होते, असेच म्हणावे लागते.

द्रव्य किती सूक्ष्म प्रमाणात असते याची कल्पना पुढील आकड्यांवरून येईल. १९३१ साली आडोल्फ बुटेनांट याने सुमारे १५,००० लिटर मूत्रातून संबंधित द्रव्याचे अवघे १५ मिलिग्रॅम स्फटिक मिळविले. १९३५ साली ॲमस्टरडॅम येथे एर्न्स्ट लाकर याच्या सहकाऱ्यांनी सुमारे १०० किलो बैलवृषणांतून १० मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य वेगळे केले आणि त्यास ‘टेस्टोस्टेरोन’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी बुटेनांट आणि लेओपोल्ड रुझिच्का यांनी स्वतंत्रपणे ते कोलेस्टेरॉलपासून कृत्रिम रीतीने बनविले, आणि १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांस विभागून जाहीर झाले. ज्या शक्तीस आपण पौरुष म्हणत आलो तिचा एक अंश बाटलीत भरता येऊ लागला.

हे द्रव्य करते तरी काय? गर्भावस्थेतच ते पुरुषाचे जननेंद्रिय घडविण्यास साह्य करते. तारुण्यात स्वरयंत्र वाढवून आवाज फोडते, दाढीमिशा आणते, स्नायू व हाडे बळकट करते, कामेच्छा जागृत करते. प्रौढपणी तांबड्या रक्तपेशींची निर्मिती आणि हाडांची घनता राखण्यात त्याचा वाटा असतो. निरोगी पुरुषाचे वृषण दिवसाकाठी सुमारे ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरोन निर्माण करतात. स्त्रीच्या देहातही बीजकोश व अधिवृक्क ग्रंथी यांतून ते निर्माण होते. रक्तातील त्याचे प्रमाण पुरुषाच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाइतके असते, पण त्याचे कार्य तेथेही आहे. तेव्हा हे द्रव्य केवळ पुरुषाची मिरासदारी आहे असेही नाही.

आता मुख्य मुद्दा. वृषणाची कामे दोन आहेत, आणि ती करणाऱ्या पेशीही दोन प्रकारच्या आहेत. एका प्रकारच्या पेशी, ज्यांस लायडिग पेशी म्हणतात, टेस्टोस्टेरोन बनवितात व ते थेट रक्तात सोडतात. शुक्राणू तयार होतात ते निराळ्या सूक्ष्म नलिकांत, आणि शुक्रवाहिनी या वेगळ्या मार्गाने बाहेर पडतात. दोन्ही कामांस मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे आदेश लागतात, पण आदेश घेऊन येणारी संप्रेरकेही दोन आहेत. त्यामुळे असे सहज घडू शकते की लायडिग पेशी उत्तम चालल्या आहेत, आवाज भारदस्त आहे, दाढी दाट आहे, कामेच्छा शाबूत आहे, आणि तरीही नलिकांत शुक्राणू नाहीत अथवा वाटेत मार्ग बुजलेला आहे. लहानपणी वृषण खाली न उतरणे, तारुण्यात गालगुंडाचा वृषणांवर आघात होणे, जन्मजात गुणसूत्रदोष, शिरा फुगणे, अशी याची कारणे अनेक आहेत. नारदाने सांगितलेली खांदे, मान, चाल व स्वर ही लक्षणे टेस्टोस्टेरोनची लक्षणे होत; बीजाची साक्ष ती देऊ शकत नाहीत. मोघबीज पुरुष बाह्यतः पूर्ण पुरुषच दिसतो. म्हणून ‘मुलगा धडधाकट आहे’ हे विधान खरे असूनही प्रस्तुत प्रश्नाचे उत्तर ठरत नाही.

दोन मार्ग निराळे आहेत हे न कळल्यामुळे मोठमोठ्यांची कशी फसगत झाली याचे एक उदाहरण मराठी माणसाशी संबंधित आहे. व्हिएन्नाचा ऑयगेन श्टाइनाख याने गेल्या शतकाच्या आरंभी असे प्रतिपादन केले की शुक्रवाहिनी बांधली की बीजाचे काम थांबून अंतःस्रावाचे काम वाढते व वृद्धास तारुण्य येते. आयरिश महाकवी येट्स याने वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, १९३४ साली, लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली, आणि आपली प्रतिभा नव्याने फुलली अशी त्याची दृढ समजूत झाली. पुढील वर्षाच्या अखेरीस तो मायोर्का बेटावर गेला तो वऱ्हाडातील बडनेरे येथे जन्मलेल्या श्रीपुरोहित स्वामींसमवेत, दशोपनिषदांचे इंग्रजी भाषांतर करण्यासाठी. ते १९३७ साली प्रसिद्ध झाले. कवीची प्रतिभा खरोखर कशाने फुलली हे कोणी सांगावे! परंतु शुक्रवाहिनी बांधल्याने टेस्टोस्टेरोन वाढत नाही, हे आज निश्चित झाले आहे.

यातील विरोधाभास असा की हीच शुक्रवाहिनी कुटुंबनियोजनासाठी बांधण्याची वेळ आली तेव्हा आपल्याकडील पुरुष ‘पौरुष जाईल’ या भयाने मागे सरले, आणि शस्त्रक्रियेचा भार पुन्हा स्त्रीवर पडला. व्हिएन्नात ज्या क्रियेने पौरुष वाढेल अशी आशा होती, त्याच क्रियेने ते नाहीसे होईल अशी आपल्याकडे भीती होती. आशाही निराधार, भीतीही निराधार; कारण टेस्टोस्टेरोन त्या वाटेने जातच नाही.

वैद्यकात या द्रव्याचा खरा उपयोग आहे, आणि तो लहान नाही. ज्यांचे वृषण जन्मतः, रोगाने वा अपघाताने हे द्रव्य पुरेसे बनवू शकत नाहीत, अथवा ज्यांची पीयूषिका ग्रंथी आदेशच देत नाही, त्यांस टेस्टोस्टेरोन टोचून किंवा त्वचेवर लेप देऊन हाडे, स्नायू, रक्त व कामेच्छा यांचे रक्षण करता येते. तारुण्य फार लांबलेल्या मुलांस काही महिने अल्प मात्रा देतात. स्त्रीदेहात जन्मून पुरुष म्हणून जगू इच्छिणाऱ्या व्यक्तींच्या उपचारांतही त्याचे स्थान आहे. कधी उलट उपचार करावा लागतो. चार्ल्स हगिन्स याने १९४१ साली दाखवून दिले की प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग टेस्टोस्टेरोनवर पोसला जातो आणि ते तोडले की तो ओसरू लागतो; या शोधास १९६६ चे नोबेल पारितोषिक लाभले. शेतकऱ्याने गोऱ्ह्यावर केलेली क्रिया अशा रीतीने मनुष्याचे आयुष्य वाढविणारा उपचार ठरली. मात्र वयानुसार होणारी स्वाभाविक घट भरून काढण्यासाठी हे द्रव्य सरसकट घेणे शहाणपणाचे नाही. त्याने रक्त दाट होऊ शकते. पाच हजारांहून अधिक पुरुषांवर केलेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसले नाहीत, पण हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे ही अधिक आढळली.

सर्वांत गंभीर इशारा मात्र तरुणांसाठी आहे. बाहेरून टेस्टोस्टेरोन घेतले की पीयूषिका ग्रंथीस वाटते, पुरवठा भरपूर आहे. आणि ती आपले दोन्ही आदेश थांबविते. शुक्राणूंच्या निर्मितीस वृषणाच्या आत रक्तातील प्रमाणाच्या अनेक पट टेस्टोस्टेरोन लागते, ते तेथे बनेनासे होते. रक्तात द्रव्य उदंड, वृषणात मात्र दुष्काळ. शुक्राणू घटतात, पुष्कळदा शून्यावर येतात, आणि वृषण आकसतात. हे इतके खात्रीचे आहे की जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्यास २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरोन टोचून ते पुरुषांचे संततिप्रतिबंधक म्हणून चालेल काय याची चाचणी घेतली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालानुसार निम्म्याहून अधिक पुरुषांचे शुक्राणू सहा महिन्यांच्या आत शून्यावर आले. औषध थांबविल्यावर ते बहुधा काही महिन्यांत परत येतात, परंतु दीर्घकाळ व अवाढव्य मात्रा घेणाऱ्यास तशी हमी देता येत नाही. आज गावोगाव व्यायामशाळा झाल्या आहेत. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु दंड फुगविण्यासाठी चोरूनमारून हे द्रव्य टोचून घेणारा तरुण आरशात दिसणारे पौरुष मिळवून बीज गमावीत असतो. अपत्य होत नाही म्हणून ऐकीव माहितीवर ‘पुरुषाचे हार्मोन’ घेणारा पतीही तीच चूक करतो. पौरुष ही एकच वस्तू आहे या जुन्या समजुतीचे हे अगदी नवे बळी होत.

या अज्ञानावर धंदा करणारे पूर्वीही होते. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या अशा शंकांस सरळ शास्त्रीय उत्तरे दिली, तर त्यांच्यावरच अश्लीलतेचे खटले झाले; १९३४ च्या खटल्यात त्यांचा बचाव डॉ. आंबेडकरांनी केला. धातुपौष्टिकांच्या जाहिराती मात्र त्याच काळात निर्वेध छापल्या जात होत्या. त्यांस आळा घालणारा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ साली आला, आणि सर्वोच्च न्यायालयाने हमदर्द दवाखाना खटल्यात, डिसेंबर १९५९ मध्ये, त्यातील काही भाग वगळून तो उचलून धरला. या उपयुक्त कायद्याच्या परिशिष्टात ज्या विकारांवरील उपायांची जाहिरात वर्ज्य आहे त्यांची यादी आहे. तीत ‘लैंगिक दौर्बल्य’ आहे आणि ‘स्त्रियांतील वंध्यत्व’ आहे. पुरुषांतील वंध्यत्वाचा उल्लेख नाही. १८८० च्या हुकुमाचे कर्ते आणि १९५४ च्या कायद्याचे कर्ते यांत कोणतेही नाते नव्हते. तरी दोघांच्याही लेखणीस वंध्यत्व म्हटले की स्त्रीच आठवली.

न्यायालये मात्र एका बाबतीत नारदाच्या जवळ आली आहेत. उर्वरित भारतातील हिंदूंस लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात समागमाची असमर्थता विवाह रद्द करण्याचे कारण मानली आहे; निव्वळ वंध्यत्व, मग ते पतीचे असो वा पत्नीचे, त्या व्याख्येत बसत नाही, असे न्यायालये सांगत आली आहेत. कायद्याने असा भेद केला, तर घराने तो का करू नये?

वैद्यकाचा आजचा निर्वाळा स्पष्ट आहे. अपत्य न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्याच्या जवळपास जोडप्यांत पुरुषाकडील कारण, एकटे अथवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, सापडते. वीर्याची तपासणी ही सर्व तपासण्यांत सोपी, स्वस्त व वेदनारहित आहे. पत्नीस शस्त्रागारात नेण्यापूर्वी ती झालीच पाहिजे. दोष सापडला तर पुष्कळदा उपायही सापडतो. १८४२ साली स्थापन झालेल्या आपल्या जुन्या वैद्यकीय शाळेचा वारसा चालविणाऱ्या बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून वंध्यत्वावरील आधुनिक उपचार विनामूल्य मिळण्याची सोय झाली आहे. पेडण्याच्या वा डिचोलीच्या कुटुंबास त्यासाठी आता मुंबई गाठावयास नको.

आपल्या धर्मकृत्यांत संकल्प सोडताना यजमानाबरोबर पत्नी बसते. ती नसेल तर कार्य अपुरे मानतात. संततीची इच्छा हा त्या दोघांचाच संकल्प आहे. देवापुढे जी जोडी एकत्र बसते, ती वैद्यापुढेही एकत्रच बसली पाहिजे, आणि तेथे पहिला कागद पतीच्या नावाचा असावा. नारदाने सांगितलेली परीक्षा पोथीतून काढून व्यवहारात आणणे, याहून अधिक काही त्यासाठी करावे लागणार नाही.